सुलभामावशी बोलावतेय, लगेच या!

माझ्या हुशारीचं काय वर्णन करू तुमच्यापुढे? धडधाकट मावशीसाठी मी भर दुपारी डॉक्टरसकट माणसं गोळा केली. तीही नुसत्या मोबाइलवरून!

माझी सुलभामावशी लालबागला मसाले कांडून देते. आपली मिरची आपल्या डोळ्यांदेखत यंत्रात पडली पाहिजे, हा गिऱ्हाइकांचा हट्ट. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात माणसं दाराशी शिंकत ताटकळतात. आणि मी पडलो ॲप बनवणारा! म्हटलं, "मावशी, लोकांना घरी बसू दे. नंबर आला की फोनवर निरोप जाईल: 'सुलभामावशी बोलावतेय, लगेच या!'"

"गिऱ्हाइकं तुटणार नाहीत ना रे? हाच सीझन असतो आपला."

"माझ्यावर सोड ना तू!"

सोडलं हो बिचारीनं.

तर ॲपमध्ये असतो लिसनर. म्हणजे पहारेकरीच समजा. डेटाबेसमध्ये रांग सरकली की त्याने आपल्या गिऱ्हाइकाला हाक मारायची. मारून झाली की त्याला घरी पाठवायचं, हे आमच्यात नवशिक्यालाही ठाऊक असतं. मी विसरलो! दुसऱ्या दिवशी रांग जरा हलली की आदल्या दिवसाचे सगळे पहारेकरी पुन्हा ठणाणा करायला लागले.

ज्यांचा मसाला बरणीत भरूनही झाला होता, त्यांना निरोपावर निरोप: 'सुलभामावशी बोलावतेय, लगेच या!' आता तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटेल?

तेच वाटलं. खोताच्या वाडीतून फिलोमिना आंटी टॅक्सीने आल्या, हातात ग्लुकोजचं पाणी. परळचे कांबळेकाका डॉक्टर पुतणीलाच घेऊन आले. मागून चाळीतले चौघे खुर्ची घेऊन हजर, मावशीला उचलून न्यायला!

"सुलभा, आधी आडवी हो बघू तू!" आंटी.

"अगं, मला काय धाड भरलीय?"

तरी पुतणीने बीपी घेतलंच. नॉर्मल. माझं घेतलं असतं तर यंत्र फुटलं असतं!

मी सगळं कबूल केलं. आता मावशीचा सीझन बुडाला, असंच वाटत होतं. पण आंटी हसत सुटल्या. "आलेच आहे तर आमच्या ईस्ट इंडियन बाटली मसाल्याची, वर्षभर बाटलीत भरून ठेवतो ना त्याची, मिरची लिहून घे गं माझी." काकांनी धण्याचं सांगितलं. खुर्चीवाल्यांनी खुर्ची टेकवली आणि चहा मागवला. मावशी डोळे पुसत म्हणाली, "मिरची गेली रे." यंत्र तर केव्हाचं बंद होतं. त्या माणसांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

ॲप आता बंद आहे. सुट्टीच्या दिवशी मीच दाराशी स्टुलावर बसून नावं पुकारतो. आणि मावशी आतून बजावते, "एकदाच हाक मार हं! आणि काम झालं की घरी जा!"