बाबांचं पारायण

माझी फजिती ऐकायची आहे? ऐका, पण हसून झाल्यावर जरा गप्प बसावं लागेल.

आई गेली आणि तिची पाककृतींची वही मागे उरली. बाबा वैशाली नगरात माझ्याकडेच राहतात. काचबिंदूने त्यांची नजर गेलीय. कॉम्प्युटर वाचतो, ते ऐकतात. म्हणून सांगलीच्या मावसबहिणीने वही टाइप करून पाठवली. मी काय केलं? फक्त सजवली! प्रत्येक पदार्थाचं नाव लालभडक, ठळक, वीस नंबरच्या अक्षरात. आतलं मात्र वाचलं नाही. वाचवत नव्हतं हो!

मग काय, बाबा रोज दुपारी ऐकायला बसायचे. रोज पहिल्यापासून! कैरीचं लोणचं, लिंबाचं लोणचं, मिरचीचं लोणचं... पाटवड्यांपर्यंत त्यांना डुलकी लागायची. दुसऱ्या दिवशी परत कैरी!

माझे डोळे भरून यायचे. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘बाबा आईच्या वहीचं पारायण करतात.’ केवढे हात जोडले लोकांनी! आत्या तर फोनवर रडली.

महिन्याभराने बाबांना कॉम्प्युटर शिकवणारे माथुरजी आले. त्यांनी दोन-तीनदा एकच कळ दाबली.

“दीदी, इसमें तो एक भी हेडिंग नहीं है.”

“असं कसं? मतलब, ये देखिए ना, कितना बड़ा लाल लाल है!”

“आपको दिख रहा है. बाबूजी को नहीं.”

माझा चेहरा खर्रकन उतरला. अक्षर नुसतं मोठं केलं तर कॉम्प्युटरला ते शीर्षक वाटतच नाही. त्याला हेडिंगची स्टाइल लावावी लागते. मग एका कळीसरशी पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. बाबांना उडी मारायला जागाच नव्हती!

“बाबा, बोलला का नाहीत?”

“शुभा, तू एवढ्या हौसेने केलं होतंस...”

“मला वाटलं, तुम्ही त्यात रमलाय.”

“रमलो कसला? अगं, लोणच्यात अडकलो होतो! मला पिठलं ऐकायचं होतं.”

मी एकेका नावाला स्टाइल लावली. बाबांनी कळ दाबली. टप, टप, टप... पिठलं!

यंत्र सपाट आवाजात वाचू लागलं, “ह्यांना पातळ लागतं, मला घट्ट. चाळीस वर्षं पातळच केलं.”

बाबा हसले. मग त्यांनी चष्मा काढला. त्या चष्म्याचा आता काही उपयोग नाही, तरी ते रोज घालतात. तो ते बराच वेळ पुसत राहिले. मी त्यांचा हात धरणार, तेवढ्यात यंत्राने पुढची ओळ वाचली,

“ह्यांना काय हवं ते ह्यांनाच विचारावं. शुभाला विचारू नये. तिला न विचारताच सगळं समजतं.”

बाबांनी ती ओळ पुन्हा लावली. माथुरजींना हिंदीत समजावूनही सांगितली.