तिसऱ्या बाकावरचा हात

सदर नावाच्या भागातल्या एका शाळेत मी पहिलीला शिकवते. त्या वर्षी माझी मुलगी माझ्याच वर्गात होती, तिसऱ्या बाकावर. कोणी जवळ ओढलं आणि आपल्याला नको वाटलं, तर मोठ्यानं ‘नाही’ म्हणायचं, हे मी पोरांकडून घोकून घ्यायची. तिचा हात सगळ्यात आधी वर जायचा.

दिवाळीत कन्हानहून माझे मामेसासरे आले. “ये वं पोरी, मले ओळखत नाही काय?” म्हणत त्यांनी तिला मांडीवर ओढलं. तिनं अंग चोरलं आणि मोठ्यानं ‘नाही’ म्हटलं, अगदी मी शिकवलं होतं तसं. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. आणि लाज कोणाला वाटली, तर मला. “मोठ्यांना असं बोलतात काय? बस चुपचाप,” मी म्हटलं. ती बसली आणि मांडीवरून माझ्याकडेच बघत राहिली.

मामांच्या मनात काही नव्हतं, असं घरात सगळे म्हणतात. असेलही तसं. पण तिला नको होतं, आणि ते मला दिसलं होतं.

सुट्टीनंतर मी वर्गात पुन्हा विचारलं, “नको वाटलं तर काय म्हणायचं?” सगळा वर्ग ‘नाही’ म्हणून ओरडला. तिसऱ्या बाकावरचा हात खालीच होता. ती माझ्याकडे बघत होती, मांडीवरून बघत होती तशीच.