दोन्ही कामांना एक सुरी

सुरी हातात घेतली की काकू डोळे मिटायच्या. मूठ बोटांत फिरवून पाहायच्या आणि ती परत काउंटरवर ठेवायच्या. "दोन नकोत गं. दोन्ही कामांना चालेल अशी एकच दे."

ब्राउनश्वाइगमधल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी अर्धवेळ काम करते. तिथे मराठी कानावर पडेल असं तुम्हालाही वाटणार नाही, त्यातून साठीच्या, जन्मभर शाकाहारी असलेल्या सातारच्या बाईंकडून. काकू लग्न करून इकडच्या एका खेड्यात आल्या त्याला तीसेक वर्षं झाली. नवरा जर्मन, वनखात्यातला, पट्टीचा शिकारी. आता यजमानांना विस्मरणाचा आजार जडला होता. बंदूक आणि परवाना दोन्ही गेले होते. घरात ते भिंतीकडे पाहत बसत, घास घेत नसत. रानात नेलं की मात्र जरा माणसात येत. म्हणून काकूंनी या वयात शिकारीची परीक्षा दिली, आणि पास झाल्या.

"काकू, नुसतं फिरायला न्या की त्यांना," मी म्हटलं.

"नुसतं नेलं की दहा मिनिटांत घरी चल म्हणतात. हरणाची वाट बघायची असली की दोन दोन तास शांत बसतात. आल्झो, मला दुसरं काय उरलंय सांग." त्यांच्या मराठीत असे जर्मन शब्द डोकवायचे; आल्झो म्हणजे 'तर मग'.

त्यांचे यजमान पूर्वी दोन सुऱ्या बाळगायचे, लाकडासाठी जाड आणि हरणासाठी पातळ. आता काकूंचा एक हात कायम त्यांच्या दंडाला. पाठीवर जितकं कमी तितकं बरं.

तीन शनिवार आम्ही सुऱ्या पाहिल्या. जाड पात्यानं फांदी छान तासली जायची, पण हरणाच्या कातड्याखाली ते नीट सरकलं नसतं. पातळ पातं लाकडात वाकेल ही धास्ती. शेवटी मध्यम जाडीचं, बोटभर लांबीचं पातं ठरलं. पोट उघडताना आतडी फाटू नयेत म्हणून टोक जरा खाली उतरतं. मूठ रबरी, भगवी. "गेनाऊ, अगदी अश्शीच, पाचोळ्यात पडली तरी दिसेल," काकू म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "यानं त्यांना काही बरं वाटेल का गं?"

मी सुरी म्यानात घालून दिली.

डिसेंबरात त्या पुन्हा आल्या, त्या निरोप घ्यायलाच. यजमानांना बॉनमधल्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं, त्यांच्या बहिणीच्या घराजवळ. काकू तिकडेच खोली घेणार होत्या.

"माझ्या गोळीनं हरणी पडली होती," त्या उभ्यानंच सांगू लागल्या. "माझी पहिलीच. त्यांना किती आनंद होईल म्हणून मी गुडघ्यावर बसून पोट उघडायला घेतलं. कोपरापर्यंत रक्त. वर बघते तर ते माझ्याकडे टक लावून बघतायत. 'तुम्ही कोण?' म्हणाले, आणि पळत सुटले."

तासाभरानं ते ओढ्यात सापडले, पाय मुरगळलेला, कपडे भिजलेले. मदतीसाठी फोन कसाबसा लागला, पण माणसं यायला वेळ लागणार होता. काकूंनी त्याच सुरीनं स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या तोडून त्यांच्याखाली अंथरल्या. ओल्या लाकडाची साल काढून आतल्या कोरड्या ढलप्या काढल्या आणि जाळ केला. एरवी तिथे आग पेटवायला मनाई आहे.

"हात शेकत होते. मग मला म्हणाले, किती अदबीनं म्हणाले गं, 'बाई, तुमचे यजमान घरी वाट बघत असतील.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं. बघतायत वाट." काकूंनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "तर म्हणाले, 'मग तुम्ही निघा. माझं मी बघतो. त्यांना काळजीत ठेवू नका.' लोक येईपर्यंत तेच सांगत होते. आणि मी त्यांचा हात धरायला गेले की काढून घेत होते."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं. काकूंनी कोटाची बटणं लावली, माझ्या गालावर हात ठेवला आणि ट्रामच्या थांब्याकडे गेल्या. त्यानंतर त्यांचा फोनही लागला नाही.