बेसमेंटमधली बादली

परवा बेसमेंट आवरताना जुना टेंपरेचर कंट्रोलर हाती लागला आणि रेजिना शहरातला तो हिवाळा नाकात शिरला. ड्रायरची ऊब, ओल्या बुटांचा वास आणि त्यात पिकलेल्या केळ्यांसारखा माझ्या बियरचा. सात-आठ वर्षांपूर्वी मी घरीच बियर करायचो. बाहेर उणे तीस, म्हणून बियर आंबायला ठेवलेल्या बादलीला हीटिंग बेल्ट गुंडाळलेला आणि तो चालू-बंद करायला हा कंट्रोलर. आकडा कायम अठरा, म्हणजे हवा तेवढाच, तरी आधीच्या दोन्ही खेपा बिघडल्या होत्या. नागपूरहून आलेल्या आईला मी बादलीत व्हिनेगर आहे असं सांगितलं होतं. एका दुपारी ती कपडे ड्रायरमध्ये टाकायला खाली आली आणि विरजणाचं दूध बघावं तसा पालथा हात बादलीला लावून म्हणाली, "हे अठरा नाही रे. अठरा असतं तर या भिंतीसारखं गार लागलं असतं." मी हसलो, पण स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणून बुडवला. सव्वीस निघालं. "जास्त गरमीत विरजणसुद्धा बिघडतं," ती म्हणाली, "आणि व्हिनेगरला कोणी एवढं जपत नाही." मी बेल्टची वायर उगाच नीट करत बसलो. संध्याकाळी कंट्रोलरवर कागदी चिकटपट्टी दिसली, तिच्या गोल अक्षरात लिहिलेली, 'हा खोटं बोलतो.' आता पट्टी पिवळी पडली आहे, आई नाही, आणि 'हा' म्हणजे आमच्या दोघांतला नक्की कोण, ते तिला विचारायचं राहूनच गेलं.