दिनकरने देवळाबाहेर काढलेल्या चपला

त्या सोमवारी सकाळी मी दिनकरचा फोन दोनदा कापला.

दुकानात गर्दी होती. गिऱ्हाइकाला तुरीचं बियाणं दाखवत होतो. म्हटलं, नंतर करू.

तासाभराने पुन्हा त्याच्याच नंबरवरून फोन. पलीकडे आमच्या गावचे शेळ्या चारणारे गोविंदाबा.

"भाऊ, सर उठून नाही राह्यले."

मी विचारलं, "कुठून?"

काय विचारतोय तेच कळत नव्हतं. आज महिना झाला, अजूनही नीट कळलेलं नाही.

दिनकर म्हणजे जानेफळच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा. पुढे तो हायस्कूलला चित्रकलेचा सर झाला, मी मेहकरला कृषी केंद्र टाकलं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं टूरबरोबर इजिप्तला गेलो होतो. नाईल नदीवर चार रात्रींची क्रूझ. बोट निवांत चालायची. काठावर जुनं देऊळ आलं की थांबायची.

दिनकर डेकवर वही घेऊन बसायचा.

"पैनगंगेले असं बारमाही पाणी असतं ना बे, त आपण घरूनच निघालो असतो. देऊळ पाह्यत पाह्यत."

पहिल्याच देवळाच्या दारात त्याने चपला काढल्या. दुपारची वेळ, फरशी तव्यासारखी तापलेली.

गाईडला थोडं हिंदी यायचं. हसून म्हणाला, "साहब, जरूरत नहीं. यहाँ अब पूजा नहीं होती."

दिनकर माझ्याकडे वळला. "देव गेला असंल. घर त त्याचंच हाये ना?"

खरं तर मीही काढणार होतो. घरची पूजा केल्याशिवाय मी दुकानाचं शटर उघडत नाही. पण ग्रुपमधले लोक हसत होते. मी बूट तसेच ठेवले.

वर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचणाऱ्या दिनकरचा फोटो काढला. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. "दिनकर महाराज, अग्निपरीक्षा चालू."

ग्रुपवर दोन दिवस हसणं चाललं. दिनकरने नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला.

पुढच्या प्रत्येक देवळात त्याने चपला काढल्या. मी एकाही नाही.

गावी आल्यावर तो आमच्या नदीकाठच्या पडक्या हेमाडपंती देवळाच्या मागे लागला. आत मूर्ती नाही, त्यामुळे तिथे कुणी चपला काढत नाही. खांबांना शेळ्या बांधतात. लहानपणी आम्ही तिथे पत्ते खेळलो.

"तिकडं पाय भाजून घेतले, आन् इथं चपला घालून फिरतो. बरं दिसते का? चाल सोमवारी. झाडू, दिवा लावू."

"येतो ना बे."

"तू त कवाचा येऊनच राह्यला!"

त्या सोमवारचे दोन फोन यासाठीच होते.

मी पोचलो तेव्हा गोविंदाबा बाहेरच उभे होते, काठी घट्ट धरून.

"चपला पाह्यल्या म्हणून आत डोकावलो, भाऊ. इथं कोण काढते चपला?"

दारात दोन्ही चपला नीट जोडून ठेवलेल्या. आत सगळं झाडलेलं. दिनकर खांबाला टेकून बसलेला, झोप लागल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

समोर पितळी दिवा. तेल भरलेलं, वात घातलेली. काडेपेटी शेजारीच.

दिवा लावलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दिनकरची बायको, सुनीता वहिनी, म्हणाल्या, "भाऊजी, तुमचीच वाट पाह्यत असतीन. जातानी म्हणत होते, तो आल्यावरच लावतो."

फोन मी कापले हे त्यांना माहीत नव्हतं.

काल जाऊन सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "कामात असान." आणि आत जाऊन तो दिवा आणून माझ्या हातात दिला.

ग्रुपवरचा तो फोटो आता सगळ्यांसाठी डिलीट होत नाही. प्रयत्न करून पाहिला.

आज सोमवार. दुकान बंद ठेवलं.

दिनकरच्या चपला जिथे सापडल्या, तिथेच माझ्या काढल्या. लेंड्या झाडल्या, खांब पुसले. गोविंदाबांनी न सांगता शेळ्या बाहेर वळवल्या.

दिवा लावला, दिनकर.

उशिरा आलो. माझा नमस्कार घे.