कॅमेऱ्याचं तोंड कोणीकडे

बाबा भोपाळला, पिपलानीच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होते. कायम कामगारांना क्वार्टर मिळायचं, कंत्राटवाल्यांना नाही. म्हणून आम्ही सोनागिरीत एका घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत राहायचो. नळ खाली, मालकांच्या अंगणात. मालकांचं काही हरवलं की पहिली नजर आमच्या जिन्याकडे. वाटी हरवली, आईला विचारा. सायकलचा पंप हरवला, बाबांना विचारा. एकदा त्यांच्या नातवाचा चेंडू सापडेना, तर मालकीणबाई सरळ आमच्या खोलीत आल्या आणि पलंगाखाली वाकून बघून गेल्या. चेंडू पुढे गटारात निघाला. त्या गेल्यावर आईने फरशी पुसली.

त्या पत्र्याखाली अभ्यास करून मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सांगते आणि सांगत राहणार. ज्यांना मिरवणं वाटतं त्यांनी एक उन्हाळा भोपाळात पत्र्याखाली काढून बघावा.

मला शाळेत नोकरी लागली, बाबांचं कंत्राट संपलं, आणि आम्ही शहराबाहेर, रायसेन रोडवरून आत, एका गावाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. मागे परस, परसाच्या मागे नाला, नाल्यापलीकडे साग आणि पळसाचं रान. आई म्हणाली, आता मोकळं वाटतंय. बाबांनी त्याच दिवशी बाजारातून कुलपं आणली. फाटकाला कुलूप, पाण्याच्या टाकीला कुलूप, सरपणाच्या खोपीलासुद्धा. आईने कोंबड्या आणल्या तेव्हा त्यांनी खुराडं स्वतः बांधलं. जाड जाळीचं दार, कडी, कुलूप, वर दार हललं की वाजणारी घंटी. दाराचं तोंड शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे, म्हणजे खिडकीतून सतत लक्ष राहील. नाल्याकडच्या बाजूला मात्र घरातलाच एक जुना पत्रा तारेने आवळून टाकला.

"मागची बाजू कच्ची राहिली की," मी म्हटलं.

"तिकडून कोण येणार आहे? तिकडे तर जंगल आहे."

मला त्या जंगलाचंच वेड होतं. शाळेच्या पगारातून मी एक ट्रेल कॅमेरा घेतला होता. टिफिनएवढी पेटी असते. झाडाला गुडघ्याच्या उंचीवर बांधायची, समोरून ऊब असलेलं काही हललं की ती आपोआप फोटो काढते. समोरचं गवत आधी साफ करावं लागतं, नाहीतर उन्हात वाऱ्याने डोलणाऱ्या पात्यांचेच फोटो भरतात. नाल्याच्या कडेला मला साळिंदर मिळालं होतं, कोल्ह्याची जोडी, आणि एका ओल्या सकाळी नीलगाय, कॅमेऱ्यात नाक घालून. वर्गात फोटो दाखवले की पोरं ओरडायची, "मॅडम, ये सच्ची में आपके घर के पीछे आता है?"

मग कोंबड्या जायला लागल्या. आज एक, मग काही दिवस शांत, मग परत एक. नेहमी उजाडताना. कुलूप जागच्या जागी, घंटी वाजलेली नाही. पिसं मात्र मागे नाल्याच्या वाटेवर.

बाबांनी गुन्हेगार लगेच शोधला. शेजाऱ्यांची मुलगी.

शेजारी म्हशीवाले. साधं कुटुंब, आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनीच दूध पाठवलं होतं. त्यांची थोरली मुलगी पोलिस कॉन्स्टेबलच्या भरतीत निवडली गेली होती. लेखी झालं, मैदानी झालं, आता फक्त पोलिस पडताळणी बाकी होती. ट्रेनिंगमध्ये मागे पडू नये म्हणून ती रोज पहाटे पळायची. गावाच्या रस्त्यावर मोटरसायकलवाली पोरं मागे लागून काहीबाही बोलायची, म्हणून ती नाल्याच्या वाटेने, म्हणजे आमच्या परसामागून जायची. अंगात भावाचं ढगळ जॅकेट, डोक्यावर टोपी ओढलेली.

"मागूनच का पळते?" बाबा म्हणायचे. "तोंड का झाकते? त्या जॅकेटात अख्खी कोंबडी बसेल. ती पळत नसली त्या दिवशी कोंबडी जात नाही, बघितलंस का तू?"

मी बघितलं होतं. हेच तर वाईट होतं. पावसाने ती दोन दिवस पळायला निघाली नाही, तेव्हा कोंबड्या सगळ्या जागेवर होत्या.

"मी ठाण्यात जातो," बाबांनी एका संध्याकाळी जाहीर केलं.

आई पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला. "अहो, तिची पडताळणी चाललीये. ठाण्यात चोरीसाठी नाव गेलं तर नोकरी गेली समजा. त्यांच्या घरात कोणाला सरकारी नोकरी बघायला मिळाली नाही आजवर."

"मग चोरी करायच्या आधी विचार करायचा."

"अगदी घरमालक झालात तुम्ही आता," आई म्हणाली आणि पोळी तव्यावर आपटली.

मी म्हटलं, "बाबा, पुराव्याशिवाय जाऊ नका. माझ्याकडे कॅमेरा आहे. रविवारपर्यंत थांबा."

ते थांबायला तयार झाले, एका अटीवर. कॅमेऱ्याचं तोंड कोणीकडे ते बाबा ठरवणार. त्यांनी तो पेरूच्या झाडाला बांधायला लावला आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे वळवला. माझ्या साळिंदराच्या कॅमेऱ्यावर पहारेदारी लागली.

पहिल्या फोटोंत म्हशीची शेपटी होती. मग पदर खोचणारी आई. मग बाबा, बाबा आणि परत बाबा, कारण कॅमेरा चालू आहे की नाही ते बघायला ते सारखे समोर जाऊन उभे राहत होते. आणि एका फोटोत, अगदी कडेला, ती. धूसर, पळताना, एक हात जॅकेटाच्या खिशात, आणि पोटाजवळ काहीतरी फुगलेलं.

त्याच सकाळी अजून एक कोंबडी गेली.

"बोल आता," बाबा म्हणाले. "काय आहे आत?"

मी फोटो मोठा केला. नुसते राखाडी चौकोन दिसले. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, असेलही. शिकलेल्या माणसाला संशय येत नाही असं थोडंच आहे? त्याला तो जरा चांगल्या शब्दांत येतो, इतकंच.

मला घोळ घालायची सवय नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी वाटेवर उभी राहिले. ती आली, मला बघून थांबली, धापा टाकत होती.

"एक बात पूछूँ? जॅकेट में क्या रखती हो?"

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "तलाशी लोगी, दीदी?" ती म्हणाली. हात बाजूला पसरून क्षणभर उभी राहिली. मी काही हलले नाही. तशी ती टोपी ओढून निघून गेली.

तासाभरात तिचे वडील कुंपणाशी आले. चाचांचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता.

"भाईसाब, कैमरा हमारी लड़की पे लगाया है क्या? हमारे घर की औरतें इधर उठती-बैठती हैं!"

"जानवरों के लिए है," बाबा म्हणाले.

"तो जानवरों की तरफ करो ना! हमको जानवर समझे हो?"

बाबा काही बोलणार तेवढ्यात मी पुढे झाले. चाचांचं म्हणणं बरोबर होतं, यात मला कुठलाच संशय नव्हता. मी त्यांच्यासमोर पेरूला बांधलेला कॅमेऱ्याचा पट्टा सोडला, तोवरचे त्यांच्या बाजूचे फोटो त्यांना दाखवत पुसून टाकले, आणि कॅमेरा नाल्याकडच्या बाभळीला बांधला, खुराड्याच्या पाठीकडे तोंड करून. चाचांना म्हटलं, "रास्ते से जाते हुए आपकी लड़की इसमें दिखेगी। पहले उससे पूछ लीजिए। मना करे तो निकाल दूँगी।"

ते आत गेले. मग आतून तिचाच आवाज आला, मोठ्याने, मला ऐकू यावा असा. "लगा लेने दो पापा! मेरी तो दौड़ है, कोई भी देख ले!"

बाबा दिवसभर धुमसत होते. "छान केलंस. आता पत्र्याचे फोटो काढ. चोर कुंपणाकडून येणार आणि तू पत्रा राखणार." आणि मग, जरा वेळाने, "रविवारी मी जाणार आहे. शब्द दिलायस तू."

आमचा एक तांबडा कुत्रा होता, म्हणजे आमचा असा नाही, गावाचाच. पण शेवटची पोळी कुत्र्याला घालायची ही आईची पद्धत, इकडे सगळेच घालतात, त्यामुळे तो आमच्या खुराड्याच्या मागेच पडून असायचा. इतर कोणी जवळ आलं की भुंकून घर डोक्यावर घ्यायचा. कोंबड्या जातात तेव्हा हा भुंकत का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. बाबांकडे उत्तर तयार होतं. ओळखीच्या चोरावर कुत्रं भुंकत नाही.

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट बांधत होते. मागे पिसं पडलेली होती. मी धावत जाऊन कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, लॅपटॉपमध्ये घातलं आणि त्यांना ओढत आणून खुर्चीत बसवलं.

पहिल्या फोटोत ती, पळत येताना. दुसऱ्यात तिचा हात जॅकेटातून बाहेर, हातात पोळी, आणि आमचा तांबडा मागच्या दोन पायांवर उभा. तिसऱ्यात ती पुढे, तांबडा तिच्या मागे शेपटी वर करून, आणि नाल्यातली अजून दोन कुत्री त्याच्या मागे. ती एकटी पळायला घाबरत होती, म्हणून सोबतीला कुत्री नेत होती. बस, एवढंच होतं त्या जॅकेटात.

चौथ्या फोटोत वाट रिकामी. फक्त घाणेरीच्या झुडपात दोन उभे कान.

पाचव्यात रानमांजर बाहेर आलेलं. लांब पाय, आखूड शेपटी, टोकाला काळी वलयं. कुत्री जाईपर्यंत ते तिथेच दबा धरून बसत असणार. पुढच्या फोटोत त्याचं डोकं आणि खांदे पत्र्याच्या आत. त्याच्या पुढच्यात तोंडात आईची पांढरी कोंबडी, पंख पसरलेले.

बाबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग माझ्याकडे वळले. "हे तू बनवलंस."

"काय?"

"तूच सांगतेस ना, मोबाइलवर आलेले वाघाचे फोटो खोटे असतात, कंप्युटरवर बनवतात म्हणून. तू शिकलेली आहेस. तुला बनवता येतं."

मी एवढी चिडले की मला हसू आलं. आई मागून वाकून बघत होती. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हे बनियन कोणी बनवलं?"

फोटोच्या कोपऱ्यात, दोरीवर, बाबांचं बनियन होतं. आदल्या संध्याकाळी आईने इस्त्रीने ते पाठीवर जाळलं होतं, त्यावरून दोघांचं भांडणही झालं होतं, आणि तिने ते पाणी मारून तसंच दोरीवर टाकलं होतं. इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग फोटोत स्वच्छ दिसत होता. मी तर ते जळलेलं बघितलंही नव्हतं, घरी उशिरा आले होते.

बाबा उठले. मागे गेले. आम्ही दोघी दारातून बघत होतो. त्यांनी पत्र्याला एक बोट लावलं, तो आत वळला आणि सोडल्यावर परत जागेवर आला. तारेत राखाडी केस अडकले होते. त्यांनी ते काढून चिमटीत धरले, वास घेतला.

"पत्रा पातळ निघाला," ते म्हणाले आणि बूट काढायला आत आले.

मी शेजारच्या मुलीकडे गेले, लॅपटॉप घेऊन. तिने सगळे फोटो बघितले, मांजराच्या फोटोवर थांबली. "मतलब चौकीदार को मैं ही ले जाती थी," ती म्हणाली. मी म्हटलं, त्या दिवशी मी तुला असं विचारायला नको होतं. ती म्हणाली, "पूछा तो आपने मुँह पे। बाकी लोग पीछे से पूछते हैं।" मग पळतानाचा फोटो मागितला. "ये वाला भेज दो दीदी, इसमें मेरा स्टेप अच्छा आया है।"

दहा-बारा दिवसांनी दुपारी एक साध्या कपड्यांतला माणूस आमच्या फाटकाशी आला. शेजारच्या मुलीची चौकशी करायची आहे, ठाण्यातून आलोय, म्हणाला. पडताळणीत शेजाऱ्यांना विचारतातच. मी आतून बाहेर येईपर्यंत बाबा कुलूपबंद फाटकाच्या आत उभे होते.

"पहले अपना कार्ड दिखाओ," बाबा म्हणाले.

त्याने दाखवलं. बाबांनी ते उलटसुलट करून वाचलं, परत दिलं. मग त्याने विचारलं, लड़की कैसी है, कोई शिकायत, कोई झगड़ा, चोरी-चकारी?

कुंपणापलीकडे चाचा म्हशीला पाणी दाखवत होते, त्यांची बादली हवेतच राहिली.

"कोई शिकायत नहीं," बाबा म्हणाले. "सुबह उठके दौड़ती है। ईमानदार लड़की है। मैं मागे... पीछे से रोज देखता हूँ, मेरे पास फोटो भी है।"

"फोटो? किसलिए?"

"जंगली बिल्ली का। बीच में लड़की भी आ गई।"

तो माणूस गोंधळून बाबांकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. त्याला आता आमच्याबद्दलच संशय आला असावा. त्याने बाबांचं नाव, वय, इथे किती वर्षं राहता, सगळं विचारून घेतलं. बाबांनी मान ताठ ठेवून उत्तरं दिली आणि खाली सही केली.

पुढच्या महिन्यात तिची पडताळणी झाली, नेमणूक आली आणि ती ट्रेनिंगला गेली. आज ती कॉन्स्टेबल आहे. तिच्या घरातली ती पहिली सरकारी नोकर.