आमच्या नंदाला कॉम्प्युटर येत नाय!

घरी चार माणसं जमली, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "सुरेखा, नंदाचा तो कॉम्प्युटरचा किस्सा सांग ना!"

आता 'तो' म्हणजे नेमका कुठला? नव्वदच्या दशकात रोहा आणि पेण मिळून आमच्या नंदाचे इतके किस्से झालेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच तोंड घालतो. आणि गंमत अशी, की या सगळ्यांत नंदा कॉम्प्युटरसमोर बसली ती एकदाच. तीही पाच मिनिटं!

नंदा माझी धाकटी बहीण. बोलायला उशिरा लागली आणि लागली तरी मोजकंच बोलली. नजरेला नजर देत नसे. मिक्सर सुरू झाला की कान दाबून परसात जाऊन बसायची. शाळा सातवीत सुटली. आळीतले लोक तोंडावर "येडी" म्हणायचे. बाबा रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. तिथे कुणी विचारलं, "धाकटी काय करते?" तर बाबा भाताच्या पिकाबद्दल बोलायला लागायचे.

ती एकवीस वर्षांची असताना बाबांनी तिला मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, "हे वेड नाही. याला ऑटिझम म्हणतात." बाबांनी तो शब्द एसटीच्या तिकिटामागे लिहून आणला. चुकीचा, पण आणला.

शेजारचे घरतकाका कंपनीत सुपरवायझर, त्यात इंग्रजी मासिकं वाचणारे. तिकीट बघून ते ताडकन उठले. "अरे, ही माणसं कॉम्प्युटरमध्ये एकदम मास्टर असतात! अमेरिकेत शोधत फिरतात यांना!"

आमच्या आळीत तोवर एकाही माणसाने कॉम्प्युटर पाहिला नव्हता. पण सकाळी येडी असलेली नंदा संध्याकाळी शास्त्रज्ञ झाली! मला तर बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

आई तेवढी चुलीपुढून म्हणाली, "पन तिला कुनी इचारलं का?"

ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

*

रोह्यात नुकताच कॉम्प्युटर क्लास निघाला होता. चपला बाहेर, खिडक्यांना जाड पडदे, आत एसी. देवळात शिरल्यासारखं सगळे हळू बोलायचे. बाबांनी नंदाचं नाव घातलं आणि सोबतीला माझंही.

शिकवणाऱ्या सरांच्या कानावर घरतकाकांनी आधीच सगळं घातलं होतं. त्यांनी नंदाला पुढच्या मशीनवर बसवलं. "मॅडम, लाजू नका. काय पाहिजे ते करा."

नंदाने दोन्ही कान दाबले. पाच मिनिटं तशीच बसली. मग उठली, भिंतीपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला!

सहाच्या सहा मशीन काळ्याठिक्कर. मागे एकजण तासभर एक-एक अक्षर शोधून बायोडाटा टाइप करत होता, तो "आई गं!" म्हणून ओरडला.

नंदाने कानांवरचे हात काढले. "आता बरं वाटतं."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण सर माणूस मोठा. म्हणाले, "महिनाभर शिकवतोय, तरी या लोकांना मशीन बंद करता येत नाय. ही पाच मिनिटांत शिकली!"

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "या मॉनिटरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. मला पहिले आठ दिवस यायचा ऐकू. तिला तो सोसत नसेल. नका आणू तिला."

*

क्लास सुटला, पण आळीने नाद सोडला नाही. कॉम्प्युटर नाही तर नाही, कुठलंही बटण असलेली वस्तू आमच्या ओटीवर यायला लागली. रेडिओ, कॅल्क्युलेटर, एकदा तर चक्क इस्त्री!

"नंदा, बघ गो जरा."

"मला येत नाय."

"बघा! हुशार माणूस कधी स्वतःच्या तोंडाने सांगतो का?"

एका रविवारी घरतकाका कंपनीच्या एका साहेबांनाच घेऊन आले. साहेब खुर्चीत बसले आणि एकदम म्हणाले, "तीनशे सत्तेचाळीस गुणिले एकोणनव्वद?"

नंदा आत गेली, कागद-पेन्सिल घेऊन आली आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवली. "करा."

आणि कपडे वाळत घालायला निघून गेली!

साहेबांनी बिचाऱ्यांनी खरंच केलं. दोनदा केलं. दोन वेगळी उत्तरं आली.

*

पेणला आमची मावशी तात्यांच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होती. नंदा आठ दिवसांसाठी मावशीकडे राहायला गेली. मावशी तिला घरी एकटी कशी ठेवणार? घेऊन गेली कारखान्यात.

साच्यातून मूर्ती निघते तेव्हा तिच्या अंगावर जोडाची रेघ राहते. ती पॉलिश पेपरने घासून काढावी लागते. कुणी न सांगता नंदाने एक मूर्ती ओढली आणि घासायला बसली. संध्याकाळपर्यंत तीच मूर्ती! बाकीच्या बायकांच्या तेवढ्या वेळात दहा-दहा झाल्या.

तात्या आले. "एकच?"

मग त्यांनी मूर्तीच्या कानापासून पोटापर्यंत तळवा फिरवला. परत फिरवला. दुसऱ्या दिवशी नंदाच्या पुढ्यात मोठ्या मंडळांच्या मूर्ती मांडून ठेवलेल्या!

कुणी कुरकुर केली, की ही फार हळू काम करते, तर तात्यांचं उत्तर ठरलेलं. "व्हय, हळू हाय. आधी हात लावून बघ, मग बोल."

गणपती जवळ आले तसा कारखान्यात दिवसभर रेडिओ वाजायला लागला. नंदा दारातच उभी राहायची, आत येईना. तात्यांनी रेडिओ उचलून रंगकामाच्या टोकाला नेला. "ज्याला गाणी ऐकायचीत त्याने तिकडे बसावं. ही इकडे बसंल." संपला विषय!

आठ दिवसांचे महिने झाले आणि महिन्यांची वर्षं.

*

आता याच्यापुढचा किस्सा.

ठाण्याचे एक शेठ दरवर्षी तात्यांकडून टेम्पो भरून मूर्ती न्यायचे. त्या वर्षी माल बघायला आले. रांगेसमोर उभे राहून सहज म्हणाले, "छान झाल्यात, नाही?" शेजारी नंदा होती.

नंदा म्हणाली, "उजवा हात वाकडा हाय. ह्याचा, ह्याचा आणि त्या रांगेतल्या सगळ्यांचा."

शेठ वाकून बघायला लागले. बघितलं आणि माल न घेताच निघून गेले.

गणपतीला दीड महिना राहिलेला. तात्यांचा चेहरा लालबुंद. "नंदा, उद्यापास्नं येऊ नको!"

नंदाला सांगितलं ते ती अक्षरशः ऐकते. घासायचा कागद पिशवीत घातला आणि एसटीने रोह्याला परत आली. घरी कुणी तिला रागावलं नाही. बाबा जेवले नाहीत, एवढंच. नंदा सकाळी उठून आईचा पोळपाट घासायला बसायची. चार दिवसांत पोळपाट आरशासारखा झाला!

पाचव्या दिवशी दारात स्वतः तात्या. साचाच वाकडा निघाला होता. आणि शेठचा निरोप आला होता: "खोटं बोलायला सगळेच असतात. त्या मुलीने बघितलेली मूर्ती असेल तर टेम्पो पाठवतो."

तात्या उंबऱ्यात उभे राहूनच म्हणाले, "नंदा, चल गो."

"तुम्ही येऊ नको म्हणालात."

"चुकलं माझं."

नंदाने जरा विचार केला. "हात सरळ केले?"

"केले. सगळे केले."

"मग येते."

त्या वर्षापासून गिऱ्हाईक दारातून आत आलं की पहिलं विचारतं, "नंदाने पास केलीय का?"

*

आता शेवटचा. बाबांच्या पाकिटात पेणच्या एका साप्ताहिकाचं कात्रण आहे. कंपनीच्या कँटीनमध्ये कुणी नवा माणूस दिसला की बाबा ते काढून दाखवायचेच. कात्रणात नंदाची माहिती आहे, वर मोठा फोटो आहे, पण फोटोत नंदाचा चेहरा नाही. का नाही, ते ऐका.

नंदाबद्दल ऐकून एक तरुण वार्ताहर कारखान्यात आला. उत्साही पोरगा! एका झेरॉक्सवाल्याकडून हातगाडीवर घालून चक्क कॉम्प्युटर घेऊन आला. गणपतींच्या मधोमध टेबल मांडलं, त्याच्यावर कॉम्प्युटर ठेवला, नंदासाठी खुर्ची ओढली.

"ताई, कीबोर्डवर नुसते हात ठेवा."

"हे माझं नाय."

"फोटोपुरतं हो!"

"मला येत नाय."

"अहो, पण तुम्ही हुशार आहात हे वाचकांना कसं कळणार?"

बाबांना त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून माझ्याबरोबर तेही कारखान्यात आले होते. मला वाटलं, आता बाबा म्हणतील, ठेव गो हात, एवढा माणूस हातगाडी घेऊन आलाय.

बाबा पुढे झाले. "येत नाय म्हणते ना ती? मग नाय येत. माझी पोरगी गणपती घासते. लिहायचं तर ते लिहा."

वार्ताहर गोंधळला. "मग फोटो कशाचा काढू?"

नंदाने उजवा हात त्याच्यापुढे धरला. तळव्यावरच्या रेषा घासून घासून जवळजवळ गेलेल्या, बोटांच्या टोकांवर पांढरी पावडर.

"ह्याचा काढा."

"नुसत्या हाताचा? आणि चेहरा?"

नंदा म्हणाली, "चेहऱ्याने मी काम करत नाय!"